लिंबायतच्या गरनाळ्यात

सुरतेचे नाव काढले की महाराष्ट्रातील आप्तेष्टांना प्रथम आठवते ती लूट. १६६४ आणि १६७० या दोन सालांपलीकडे या शहराशी मराठी माणसाचा काही संबंध आला असेल, हे पुष्कळांच्या गावीही नसते. पाहुणे येतात, घारी आणि लोचो खातात, डुमसच्या किनाऱ्यावरची काळी वाळू पाहतात, कापडबाजारातून साड्यांची गाठोडी बांधतात आणि परततात. जाताना हसून म्हणतात, "लुटली बरं का आम्ही सुरत!" कोणी कोणाला लुटले याचा हिशेब अर्थातच दुकानदाराच्या वहीत असतो. असो.

अशा पाहुण्यांपैकी ज्यांना थोडी सवड असेल त्यांना मी लिंबायतला नेतो. रिंग रोडवरील कापडबाजारांची गर्दी मागे टाकून रेल्वेमार्गाच्या पूर्वेला जायचे, तर रुळांखालून एक गरनाळे लागते. 'गरनाळे' हा शब्द मूळचा गुजराती. रुळांखालून जाणारा, दोन्ही बाजूंनी उतार असलेला बुटका रस्ता, असा त्याचा अर्थ. आमच्या मराठी घरांतून तो इतका रूढ झाला आहे की, निबंधात त्याऐवजी 'भुयारी मार्ग' लिहा म्हटले तर मुले बुचकळ्यात पडतात. शुद्ध भाषेचा आग्रह धरण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या मास्तरानेही या शब्दापुढे केव्हाच हात टेकले आहेत.

गरनाळ्यातून वर निघाले की कानांवर पडणारी भाषा बदलते. भाजीवालीच्या टोपलीत हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी दिसतात. खानावळीच्या फळ्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी लिहिलेली असते. गल्लीगल्लीतून घरांच्या पायऱ्यांवर बायका साड्यांचे सुटे धागे कापत किंवा त्यांवर टिकल्या चिकटवत बसलेल्या असतात. एका साडीमागे मिळणारी मजुरी ऐकून पाहुणीच्या हातातील नवी साडी एकाएकी जड होते, हे मी पाहिले आहे. आणि या सर्वांच्या पाठीमागे, अखंड, यंत्रमागांचा खडखडाट. नवख्या माणसाला तो पहिल्या दिवशी असह्य होतो. येथे राहणाऱ्याला तो थांबला तरच ऐकू येतो.

येथील मराठी माणूस बहुतांशी खान्देशचा. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतला. त्याने सुरतच का गाठावी, याचे उत्तर नकाशात आहे. तापी मुलताईला उगम पावते, खान्देश ओलांडते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. पाणी ज्या दिशेने गेले त्या दिशेने माणसे गेली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वेमार्ग झाला आणि ही वाट पक्की झाली. त्या मार्गावरील नवापूर स्थानक तर निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात आहे. फलाटावरचे एक बाक असे आहे की, त्याच्या एका टोकाला बसलेला प्रवासी एका राज्यात आणि दुसऱ्या टोकाचा दुसऱ्या राज्यात. आम्हा परप्रांतस्थ मराठी कुटुंबांची अवस्था याहून नेमक्या रीतीने कोणी दाखवली असेल, असे मला वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट अभिमानाने नोंदवतो. १८३६ साली ज्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली येथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेच्या संस्थापकांत दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांचे नाव आहे. मराठी मास्तर आणि सुरत यांचे नाते असे जुने आहे. माझ्या हातून मात्र व्याकरण झाले नाही. झाला तो एका इंजिनाचा घात. की नाही झाला? तेच सांगावयाचे आहे.

त्यासाठी आरंभ माझ्याच मोटारीपासून करावा लागेल.

पन्नाशी उलटल्यावर मी एक छोटी, दुसऱ्याच्या हाताखालून आलेली पेट्रोलची मोटार घेतली. हेतू एवढाच की, वर्षातून तीन-चार वेळा साक्रीच्या पुढे गावी जाता यावे. सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी अशी वाट. पूर्वी जिला सहा क्रमांकाचा महामार्ग म्हणत आणि आता त्रेपन्न म्हणतात. विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. सह्याद्रीतील थोरामोठ्या घाटांच्या मानाने तो काही दुर्घट नव्हे. परंतु माझ्या मोटारीने तेथेच प्रथम तोंड उघडले. चढावर, घरची चार माणसे आणि परतीच्या प्रवासात बाजरीचे पोते घेऊन गाडी कुथू लागली आणि तिच्या पोटातून कोणी काचेच्या गोट्या डब्यात हलवाव्यात तसा आवाज येऊ लागला. उतार लागताच बंद. पुन्हा चढ, पुन्हा आवाज. सौभाग्यवतींनी मागून विचारले, "हे काय वाजतंय?" मी अधिकारवाणीने "रस्ता खराब आहे" असे उत्तर दिले. मुख्याध्यापकाला "ठाऊक नाही" म्हणण्याची सवय राहत नाही. हा आमच्या पेशाचा रोगच आहे.

सुरतेस आल्यावर गाडी एका मोठ्या, वातानुकूलित दालनाच्या कार्यशाळेत दाखवली. त्या कार्यशाळेचे नाव सांगत नाही. माणसे सौजन्याने वागली. स्वागतकक्षातील तरुणाने एका कागदावर 'इंजिन नॉईज' असे दोन शब्द लिहिले, मला कॉफी दिली आणि दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून कळवले की, इंजिन खोलावे लागेल, रिंगा-पिस्टन बदलावे लागतील, अंदाजे खर्च अठ्ठावन्न हजार. मोटारच मी पावणेदोन लाखांना घेतलेली. रात्री झोप लागली नाही. ज्याच्या घरी जुनी मोटार आहे त्या प्रत्येक वाचकाला ही रात्र परिचयाची असेल. यंत्र बोलत असते, आपल्याला त्याची भाषा येत नसते, आणि दुभाष्या जे सांगेल त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला लिंबायतला नेले. हा मुलगा, आता पस्तिशीचा गृहस्थ, कर्जाने घेतलेली टॅक्सी चालवतो. वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि समास त्याला कधीही सुटले नाहीत. परंतु आदर असा की, अजूनही माझ्यासमोर उभा असताना त्याचे हात आपोआप मागे जातात.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड. शेजारी यंत्रमागांचे खाते. मिस्त्री साठीच्या घरातले, मूळचे अमळनेरकडचे. त्यांना सारे आबा म्हणतात. तरुणपणी ते मागांवर काम करीत. वीस-बावीस मागांच्या कल्लोळातून कोणता माग बिघडणार आहे हे त्यांना कानाने कळे, असे लोक सांगतात. मला ती अतिशयोक्ती वाटली होती.

मी म्हणालो, "आबा, इंजिन खडखड वाजतं."

त्यांनी माझ्याकडे, मी एखाद्या चुकीच्या उत्तराकडे पाहतो तसे पाहिले. "गुरुजी, आवाज कसा शे? टणटण शे का ठकठक शे?"

मराठीचा पदव्युत्तर अभ्यास केलेला मी गप्प उभा. खडखड, टणटण, ठकठक हे माझ्या लेखी अनुकरणवाचक शब्दांचे एक उदाहरण. परीक्षेत एका गुणाचे. आबांच्या लेखी प्रत्येक शब्द म्हणजे एक निराळा रोग आणि एक निराळी रक्कम होती. टणटण चढावर आणि जोर दिला असता येते. ते जळणाचे दुखणे. टकटक वरून, झाकणाखालून, इंजिनाच्या गतीच्या निम्म्या लयीत येते. ते व्हॉल्व्हच्या टॅपेटचे. सकाळी गार असताना ठपठप आणि तापल्यावर गप्प, तर पिस्टन सिलिंडरात सैल झालेला. आणि खालून, तळातून, दाराबाहेर कोणी मुठीने ठोठवावे तसे ठकठक आले, तर क्रँकवरचे बेअरिंग गेले. मग गाडी एक मैलही पुढे नेऊ नये. कार्यशाळेच्या कागदावर या साऱ्यांसाठी एकच इंग्रजी शब्द होता.

त्यांनी एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचे टोक चालू इंजिनावर टेकवले आणि मूठ स्वतःच्या कानाशी धरली. वैद्य छातीवर नळी ठेवतो तसे ते एकेक जागा तपासत गेले. मग मला शेजारी बसवून पर्वत पाटियाच्या दिशेने गाडी हाकायला लावली. दोन फेऱ्यांनंतर निदान केले, ते सबंध अहिराणीत आणि सबंध वाक्यात: "इंजिनले काही व्हयेल नही. तुमले गेर बदलाना कटाळा शे."

हा कंटाळा मला मान्य करावा लागला. घाटात गती मंदावली तरी मी वरचाच गेर धरून ठेवीत असे. त्यात पेट्रोल वाचते अशी माझी समजूत होती. प्लग जुने, सिलिंडरात काजळी साठलेली, वर बाजरीचे पोते. जागेवर उभे असताना येणारी बारीक खडखड निराळीच निघाली. एक्झॉस्टवरील उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा एक बोल्ट गळून पडला होता. तीन प्लग, साफसफाई, एक बोल्ट आणि मजुरी मिळून आबांनी अठराशे पन्नास रुपये घेतले.

या टणटणीचे शास्त्र मी नंतर वाचले. ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, ठिणगी पडते आणि ज्वाळेची एक भिंत शिस्तीने एका बाजूने दुसऱ्या बाजूस सरकत जाते. परंतु इंजिन तापलेले असेल, काजळीमुळे आतली जागा कमी होऊन दाब वाढला असेल, किंवा कमी गतीवर फार भार पडला असेल, तर ज्वाळा पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील उरलेली वाफ आपण होऊन पेटते. पंगतीत वाढपी पोहोचण्याआधीच शेवटच्या पानावरच्या मंडळींनी गलका करावा, तसे. त्या आकस्मिक दाबाची लाट धातूच्या भिंतीवर आदळते आणि आपल्याला टणटण ऐकू येते. पेट्रोल या उतावळेपणाला किती विरोध करते ते ऑक्टेन अंकाने मोजतात. आपल्याकडे साध्या पेट्रोलचा हा अंक ९१ धरला जाई. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी तो ९५ आहे. म्हणजे इथेनॉलमुळे गाडी ठोकू लागते, ही गॅरेजांच्या कट्ट्यावरील समजूत उलटी आहे. इथेनॉल टणटण कमीच करते. त्यामुळे सरासरी थोडी घटते आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्यांना ते मानवत नाही, या तक्रारी वेगळ्या आणि त्यांत तथ्य आहे. सी.एन.जी.चा अंक तर याहूनही पुष्कळ वरचा आहे. नव्या मोटारींत टणटण ऐकणारा एक यांत्रिक कानच बसवलेला असतो. तो ठिणगीला किंचित उशीर करवतो, आणि म्हणून आजच्या मुलांनी हा आवाज फारसा ऐकलेलाच नसतो.

आणि याच टणटणीपायी जगाने केवढी किंमत मोजली! अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिज्ली यांना १९२१ च्या डिसेंबरात उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळायचे. आवाज बंद झाला. १९२४ साली ते संयुग हाताळणारे कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन दगावले, तरी पुढे जगभर मोटारींच्या धुरातून शिसे मुलांच्या फुप्फुसांत जात राहिले. भारतात ते २००० साली थांबले. अल्जीरियात, सर्वांत शेवटी, २०२१ साली. एक आवाज ऐकू येऊ नये म्हणून शंभर वर्षे विष! इंजिनाचे ऐकून न घेता त्याचे तोंड बंद करण्याची ही घाई मला फार ओळखीची वाटते. वर्गात मीही ती पुष्कळदा केली आहे.

अठ्ठावन्न हजारांचे अठराशे पन्नास झाले, हे मी वर्षभर मोठ्या चवीने सर्वांना सांगत होतो. मोठी कार्यशाळा लुटारू आणि पत्र्याच्या शेडमधील मिस्त्री संत, अशी माझी सोपी मांडणी तयार झाली होती. ती फार काळ टिकली नाही. कार्यशाळेची बाजूही नंतर आबांनीच मला सांगितली: तेथील मुलाला ऐकायला वेळच देत नाहीत, दिवसाला अमुक गाड्या उरकाव्या लागतात, आणि सुटा बोल्ट शोधण्यापेक्षा इंजिन बदलणे त्यांना निर्धोक वाटते, उद्या गिऱ्हाईक परत यायला नको. स्वस्तात काम करणाऱ्या शेडमध्येही भंगारातले बेअरिंग नवे म्हणून घालणारे असतातच, हेही त्यांनीच सांगितले, आणि बोटाने दोन शेड दाखवल्या.

आता गरनाळ्याकडे येतो.

लिंबायतच्या कडेने मिठी खाडी जाते. नाव मिठी असले तरी पावसाळ्यात ती कोणाला गोड वाटत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापीने जवळजवळ सबंध सुरत बुडवली, तो पूर सर्वांच्या स्मरणात आहे. खाडीचा पूर मात्र वेगळा. नदी शांत असतानाही जोराचा पाऊस झाला की खाडी फुगते आणि लिंबायतच्या गल्ल्यांतून शिरते. २०२४ च्या जुलैत असेच झाले. गरनाळे तर त्याआधीच भरते. सखल जागाच ती.

त्या जुलैतील एका सकाळी माझी थोरली बहीण लिंबायतमधील भाच्याकडून नंदुरबारला परत निघाली होती. उधन्याहून गाडी गाठायची होती. टॅक्सी माझ्या त्या विद्यार्थ्याची. रात्रभर पाऊस झालेला. गरनाळ्याच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. खाली पाणी होते. किती ते गढूळपणामुळे कळत नव्हते.

"सर, वळसा घालून पुलावरून जाऊ या का?"

मी घड्याळाकडे पाहिले. वळसा म्हणजे पाऊण तास. समोरून एक टेम्पो पाणी उडवीत पलीकडून येऊन गेला. मी म्हणालो, "एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं? चल."

तो निघाला. मध्यावर टेम्पोने उठवलेली लाट बॉनेटवर आली आणि इंजिन बंद पडले. ते असे बंद पडले की, कोणी वाक्याच्या मध्येच तोंडावर हात ठेवावा. आतमध्ये पाणी पायांपर्यंत आलेले. बहीण घाबरून देवाचे नाव घेऊ लागली. तो काही क्षण चाक धरून बसून राहिला. त्याच्या मनात काय होते ते मला आज कळते. त्या क्षणी मला कळले नाही, आणि वर्गात फळा पुसायला सांगावे त्या सुरात मी म्हणालो, "बसलास काय? पुन्हा लाव."

त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिले आणि किल्ली फिरवली. एक आवाज झाला. आबांच्या यादीतला तो कोणताच नव्हता: धप्. एकदाच. "पुन्हा," मी म्हणालो. पुन्हा धप्. मग आम्ही उतरलो आणि कमरेएवढ्या पाण्यातून, इतर चार माणसांच्या साहाय्याने, गाडी ढकलत वर आणली. बहिणीची गाडी त्या दिवशी पावसामुळे दीड तास उशिरा सुटली, हे संध्याकाळी समजले.

पाणी दाबले जात नाही. हे सातवीच्या विज्ञानात आहे, आणि गरज पडल्यास तो तास मी स्वतः घेतलेला आहे. हवा दाबली जाते म्हणून इंजिन चालते. हवेच्या मार्गाने सिलिंडरात पाणी शिरले की वर येणाऱ्या पिस्टनला जागाच राहत नाही. पिस्टन थांबतो, क्रँक थांबत नाही, आणि त्या दोघांमधील कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करू नये. किल्लीला हात न लावता ती ओढून बाहेर काढावी, बॅटरीची तार सोडवावी, प्लग काढून आतले पाणी बाहेर जाऊ द्यावे आणि तेल बदलावे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी एवढे वाक्य कोठेतरी लिहून ठेवावे. माझ्यापाशी ते ज्ञान होते. फक्त त्या वेळी ते पुस्तकात होते आणि मी पाण्यात होतो.

आबांनी प्लग काढून इंजिन फिरवले तेव्हा पाण्याची कारंजी उडाली. तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. दोन दिवसांनी गाडी चालू झाली आणि आम्ही सारे हसलो. पंधरवड्यानंतर व्याऱ्याजवळ भाडे घेऊन जात असताना खालून ठकठक सुरू झाली. मुठीने दार ठोठवावे तशी. या वेळी आबांना स्क्रू ड्रायव्हर लावावा लागला नाही. इंजिन खोलले. दुसऱ्या सिलिंडरचा रॉड वाकलेला होता. इतका थोडा की मला तो दाखवण्यासाठी त्यांनी तो काचेवर सरळ रॉडच्या शेजारी ठेवला. पिस्टनची कड एका बाजूने घासून चकचकीत झालेली, बेअरिंगची कवडी खरडलेली.

विमा होता. पुराचे नुकसान त्यात येते, असे आम्ही दोघेही समजून होतो. उत्तर आले की, गालिचे, आसने, वायरी यांचे नुकसान मान्य. परंतु पाणी शिरल्यावर इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न झाल्याने जे आतून मोडले, ते पुराचे नुकसान नव्हे, परिणामी नुकसान होय. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे वेगळे, जादा हप्त्याचे संरक्षण घ्यावे लागते. ते त्याने घेतले नव्हते. हप्ता वाढतो म्हणून कोण घेतो? सुरतेसारख्या गावी मात्र ते घ्यावे, असे माझे आता स्पष्ट मत आहे. विमा कंपनीचे पत्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. 'सुरू करण्याचा प्रयत्न' या शब्दांचा कर्ता त्यात लिहिलेला नव्हता. तो मला ठाऊक होता.

आबांनी शक्य तेथे जुना पण धड माल शोधला, लेथवर काम करवून घेतले, मजुरी निम्मी लावली. तरी एकेचाळीस हजार झाले. या वेळी अठराशे पन्नासाचा चमत्कार नव्हता. शिवाय अठरा दिवस गाडी उभी, कर्जाचे हप्ते चालू, आणि घरी त्याची बायको रात्री बारापर्यंत साड्यांना टिकल्या लावीत बसलेली. तिने मला चहा दिला आणि माझी प्रकृती विचारली. याहून तिने दोन शब्द बोलून घेतले असते तर बरे झाले असते.

एके दुपारी गॅरेजात आम्ही दोघेच असताना मी आबांना विचारले, "आबा, रॉड पहिल्यांदाच, गाडी बंद पडली तेव्हाच वाकला असेल, की मी पुन्हा लावायला सांगितलं तेव्हा?"

ते बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिले. दोन्ही होऊ शकते, असे ते म्हणाले. इंजिन जोरात चालू असताना पाणी ओढले तर तेव्हाच वाकतो. हळू चालताना बंद पडले तर बहुधा वाचतो आणि दुसऱ्या किल्लीला जातो. "नक्की काय झालं?" मी हट्ट धरला.

"ते इंजिन सांगस नही, गुरुजी."

पैसे मी द्यायचे ठरवले. त्याने घ्यायचे नाकारले. "सर, किल्ली माझ्या हातात होती," एवढेच तो म्हणाला. मी परस्पर आबांना देऊ केले; आबांनी त्याला विचारल्याशिवाय हात लावणार नाही असे सांगितले. आठ दिवस ही ओढाताण चालली. अखेरीस निम्म्यावर तडजोड झाली. ते निम्मे त्याने वहीत माझ्या नावे 'उसने' म्हणून लिहिले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला तो पाचशे रुपये आणून देतो. मी ते घेतो. न घेण्यासाठी कोणते वाक्य बोलावे ते मला अजून सुचलेले नाही, आणि घेतल्यावर तो ज्या मोकळेपणाने समोरच्या खुर्चीवर बसतो, हात मागे न घेता, तसा तो पूर्वी कधी बसत नसे.

इंजिन बसवले त्या दिवशी आबांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाशी धरली. "आयका." मी डोळे मिटून ऐकले. आत एक अखंड, गोल, भरीव गुणगुण होती आणि तिच्या पाठीमागे शेजारच्या मागांचा खडखडाट. ठकठक कोठेही नव्हती. मी पुन्हा पुन्हा जागा बदलून ऐकत राहिलो तेव्हा आबांनी हळूच तो माझ्या हातातून काढून घेतला.

२०२५ च्या जूनमध्ये सुरतेत पुन्हा जोराचा पाऊस झाला. एका संध्याकाळी त्याच गाडीतून आम्ही लिंबायतहून निघालो होतो. गरनाळ्याच्या तोंडाशी चार-सहा वाहने थबकलेली; खाली गढूळ पाणी; पलीकडून एक टेम्पो लाट उठवीत वर येत होता. त्याने गाडी थांबवली, क्षणभर पाहिले, आणि मला काही एक न विचारता वळवून पुलाच्या रस्त्याला लावली. घरी पोहोचायला पाऊण तास अधिक लागला. वाटेत तो मुलीच्या शाळेविषयी बोलत होता. मराठी माध्यमात घालावे की इंग्रजी, असे त्याला विचारायचे होते.